ओठ मिटलेले, दात सुटे

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी, लग्नाचे पाहुणे परतले न परतले तोच, रंगारी परांचीवरून पडला. उंच इमारती रंगवायचा त्याचा धंदा. फळी एका अंगाला कलली आणि हा खाली आला तो वाळूच्या ढिगावर. वाळू होती म्हणून जीव वाचला. मांडीचं हाड मात्र मोडलं. घरी बातमी फोनवर आली. त्याची बायको तेव्हा कुणाच्या तरी कोटाची बाही टाचत होती. तिने फोन उचलला तेव्हा तिच्या दातांत टाचण्या होत्या, आणि पलीकडचा माणूस सगळं सांगून संपेपर्यंत त्या तिथेच राहिल्या.

टाचण्या दातांत धरायची सवय तिला पोरवयापासून होती. शिवण शिकवणाऱ्या बाईच अशा धरायच्या, म्हणून हीही. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी तिचं मशीन होतं. शेजारी कापड कापायचं टेबल आणि टेबलाच्या पलीकडे सासूबाईंची खुर्ची. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा झगा कमरेत सैल करायचा, असली कामं दिवसभर चालत. गल्लीतली पोरं तिला शिवणकाकू म्हणत, आणि पोरांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणू लागली होती.

हाड सांधलं. रंगारी आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय चालायला लागला. पाय थोडा ओढायचा, पण घरात बसून त्याचा जीव आंबून गेला होता. पुन्हा कामावर जायच्या दिवशी तो बूट चढवताना शीळ घालत होता. ते बघून शिवणकाकूच्या तोंडातून ब्र निघाला नाही. इतक्या दिवसांनी माणूस खुशीत आहे, त्याला काय म्हणून अडवायचं? तिने डबा त्याच्या हातात दिला, तो जिना उतरला, आणि ती मशीनवर बसली.

दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते तिला सांगता आलं नसतं. सकाळी उठलं की जबडा गंजलेल्या बिजागरीसारखा. जांभई दिली की कानापुढे कट्‌कन आवाज व्हायचा. दुपारपर्यंत कळ कानशिलात चढायची, तिथून डोळ्यामागे. कानाच्या डॉक्टरांनी कान बघितला आणि लहान मुलाचा असावा तसा स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. मग ती दातांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनाही काही दिसेना. पण हिचा हट्ट, उजवीकडची शेवटची दाढच दुखते, तीच काढा. डॉक्टर दोनदा नको म्हणाले, तिसऱ्यांदा त्यांनी काढली. दाढ गेली, दुखणं राहिलं. मग तिच्या मनाने घेतलं की आत काहीतरी वाढतंय, आणि ते कुणी बघू नये, कारण बघितलं की त्याला नाव मिळेल.

सासूबाईंना या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. "माझं बघ," त्या म्हणायच्या, "भांडणच मिटवलंय मी." सुनेला चावता येईना तेव्हा दोघींचं जेवण एकच झालं, मऊ भात नाहीतर दुधात बुडवलेला पाव. रंगारी ताटावर बसला की म्हणायचा, माझ्या घरात दोन म्हाताऱ्या कधी झाल्या ते मला कळलंच नाही.

सासूबाईंचे डोळे अधू झाले होते आणि दिवसभर त्यांना रेडिओ लागायचा, तोही कान किटतील एवढा मोठा. बातम्या, गाणी, शेतीसल्ला, काहीही. आश्चर्य असं, की त्या गोंगाटात त्यांना फोन कधी ऐकू यायचा नाही, पण सुनेचे दात बरोबर ऐकू यायचे. दात करकरले की त्या काठी जमिनीवर आपटायच्या. "उंदीर लागले तुझ्या तोंडाला," म्हणायच्या, "जरा रेडिओ ऐकू दे." शिवणकाकूचं डोकं फिरायचं. एक तर दुखतंय, वर ही काठी. पण तो रागही ती गिळायची आणि पुढची टाचणी दातांत धरायची.

शेवटी थोरलीच माहेरी आली आणि आईला धरून दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण तरुण होती, थोरलीच्याच वयाची. तिने तोंडात बघितलं ते नंतर. आधी गालांवर बोटं ठेवली आणि म्हणाली, मावशी, दात आवळा. आवळल्यावर गालांत गाठीसारखं जे उठलं, त्यावर तिने अंगठा दाबला. शिवणकाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच ते दुखणं.

"ही गाठ नाही, मावशी. हा स्नायू आहे. दिवसभर ओझं उचलणाऱ्या माणसाचा दंड होतो ना, तसा झालाय."

दातांवर घासल्याच्या खुणाही तिने आरशात दाखवल्या. मग समजावून सांगितलं. मनावर ताण असला की काही माणसं मुठी वळतात, काही दात आवळतात, आणि त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. दाताला दात फक्त घास चावताना लागावा. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे. झोपताना दातांवर चढवायला एक कवच करून देऊ, गरम पाण्याच्या कापडाने शेकायचं, टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत. आणि घरी जाऊन एवढं शोधायचं, की आपण आवळतो कधी.

आत काही वाढत नाही, एवढ्याचाच शिवणकाकूला इतका आनंद झाला की येताना तिने लेकीचा हात सोडला नाही. मनगटाला बांधायची कापसाची उशी तिने त्याच संध्याकाळी शिवली, टाचण्या तिच्यात खोचायला. पण आवळतो कधी, ते काही सापडेना. आठवण झाली की दात सुटेच असायचे. आठवण नसली की कोण बघणार?

म्हणून एका दुपारी तिने सासूबाईंनाच विचारलं. काठी आपटता ना तुम्ही सारखी, मग सांगा बरं, कधी आपटता?

सासूबाईंनी रेडिओ बंद केला. असं त्या कधी करत नसत.

"तो जिना उतरला की तुझे दात सुरू. फोन वाजला की सुरू. संध्याकाळी त्याचा ओढता पाय जिन्यावर वाजला की बंद. हे कळायला डॉक्टरीण कशाला हवी?"

शिवणकाकूच्या हातातलं कापड हातातच राहिलं. तिने विचारलं, "फोन वाजला की? तुम्हाला तर फोन ऐकू येत नाही, आई."

"येतो. येऊ नये म्हणून तर रेडिओ मोठा लावते." त्या चाचपडत काठी शोधू लागल्या, काठी मांडीवरच होती. "माझा पोरगा आहे तो. मला दात असते तर मीही आवळले असते."

शिवणकाकूने पाणी गरम केलं, एक कापड स्वतःच्या गालाला धरलं आणि दुसरं सासूबाईंच्या गुडघ्यावर ठेवलं.

आवळतो कधी ते कळलं. पण कळून सुटत नव्हतं. रंगाऱ्याला सांगितल्याशिवाय ते सुटणार नाही, हेही कळत होतं. आणि सांगितलं तर? तो काम सोडेल आणि खिडकीशी बसून आंबेल. किंवा सोडणार नाही, आणि तिची भीती कमरेला बांधून वर चढेल. दोन्ही तिला नको होतं. दात सुटे ठेवायची आठवण राहावी म्हणून तिने मशीनच्या चाकाला लाल दोरा बांधला, आणि दोऱ्याकडे बघत बघत दात आवळले.

एका रविवारी रंगारी नवी पँट घालून स्टुलावर उभा होता आणि ती खाली बसून दुमड टाचत होती. घाईत टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या होत्या. तो वरूनच सांगत होता, की कारखान्याचं धुराडं मिळालंय, सोमवारपासून. एवढं उंच काम आपल्या टोळीला कधीच मिळालं नव्हतं.

"वानराला झाडं पुरेनात," सासूबाई म्हणाल्या, आणि काठी आपटली. रेडिओ चालू नव्हता. काठी आपल्या दातांसाठी होती, हे शिवणकाकूला कळलं. तिने टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"कशाची?"

"तुम्ही पडाल याची. रोज. तुम्ही जिना उतरलात की परत येईपर्यंत."

तो उतरायला गेला, तर अर्धवट टाचलेली पँट घोट्याला टोचली. तसाच स्टुलावर उभा राहिला. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"टाचण्या होत्या तिच्या तोंडात," सासूबाई म्हणाल्या.

त्याने हळू आवाजात विचारलं, सोडू का काम? त्याने हे विचारलं, यातच तिचं निम्मं ओझं उतरलं. सोडा असं मी म्हणत नाही, ती म्हणाली. पण तुम्ही वर कशाच्या आधाराने लटकता, ते मी कधी बघितलंसुद्धा नाही. पडलात तेव्हा तर काहीच बांधलं नव्हतं.

तो पँट बदलून बाहेर पडला आणि कामावरच्या कोठीतून आपला पट्टा घेऊन आला, खांद्यांवरून आणि मांड्यांखालून बांधायचा. तो त्याने तिच्या टेबलावर टाकला. "तूच बघ."

तिने चष्मा लावला. पट्टा उलटा केला, सुलटा केला, गिऱ्हाइकाचा कोट बघावा तसा. शिवण जाड दोऱ्याची होती, दुहेरी, फुलीची. नखाने ती टाका न टाका तपासत गेली. कडी अडकते तिथे मात्र दोरा घासून लव सुटली होती.

"अशी शिवण मी कुणाला घालायला दिली नसती," ती म्हणाली. "नवा घ्या."

मुकादम कुरकुरला म्हणतात, पण नवा पट्टा मिळाला. तो आधी तिच्या टेबलावर आला, मग धुराड्यावर गेला. तेव्हापासून दर रविवारी रंगारी पट्टा घरी आणायचा आणि न बोलता मशीनशेजारी ठेवायचा. तीही न बोलता तो तपासायची. धुराडं रंगवून झालं. त्यानंतर बरीच वर्षं तो चढत राहिला, आणि मग एक दिवस आपणहून पुरे म्हणाला.

जबडा एका दिवसात सुटला नाही. कवच, शेक, लाल दोरा, डॉक्टरीणबाईंकडच्या फेऱ्या, सगळं चालू राहिलं. पण एका संध्याकाळी पावाची कडक कड ती उजव्या बाजूने चावत होती, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं सासूबाईंच्या. काठी उचलून त्यांनी विचारलं, आता काय फोडतेस?

"पावाची कड, आई."

"मग फोड," त्या म्हणाल्या, आणि काठी खाली ठेवली.

पुढे एकदा तिने त्यांना सांगितलं, की तुमची काठी नसती तर मी एकेक करून सगळे दात काढून बसले असते. सासूबाई म्हणाल्या, बसली असतीस, आणि माझ्या वाटणीचा मऊ भात खाल्ला असतास. एवढ्यावर तो विषय संपला. पण त्या दिवसापासून त्यांचा रेडिओ बारीक झाला.

काठी अजून मशीनला टेकून उभी आहे. थंडीत गाल ठणकला की शिवणकाकू तिच्याकडे बघते आणि दात सुटे करते.

सासूबाई गेल्या त्या थोरलीच्या मुलाला शाळेत घातलं त्या वर्षी, हिवाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. रेडिओ चालू होता, बारीक आवाजात.