बारा वाजताचं बोलावणं

दामिनीची अट एकच होती, आणि तीसुद्धा काही आभाळाएवढी नव्हती. मुलाशी अर्धा तास एकटीनं बोलायचं. घरात नको, हॉटेलात नको, चार मोठी माणसं कान टवकारून बसतील अशा जागी तर नकोच. उघड्यावर, झाडाखाली, दोघांनीच. उदगीरच्या किराणा दुकानात बसून तिच्या अप्पांनी, शरणप्पांनी, फोनवर ही अट सांगितली तेव्हा बिचाऱ्यांचा आवाज असा दबला होता, की ऐकणाऱ्याला वाटावं पोरीत काहीतरी खोट आहे.

पलीकडून मुलाचे वडील, नांदेडचे शिवमूर्ती, खदखदून हसले. "अहो, एवढंच ना? आमच्या घराजवळ लई भारी उद्यान हाय. रविवारी बरोब्बर बारा वाजता गेटावर या. पोरं बोलतील, मग आपण जेवू."

दामिनीला विचारायचं होतं ते एकच. या मुलाचा, आदर्शचा, गेल्या वर्षी देवणी गावच्या मुलीशी साखरपुडा झाला होता आणि तीन महिन्यांत मोडलाही. का मोडला, ते कुणी धड सांगेना. शिवमूर्ती म्हणत, पत्रिका जुळली नाही. आता पेढे वाटून, अंगठ्या घालून झाल्यावर कुणी पत्रिका बघतं का हो? दामिनी उदगीरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. रिपोर्ट हातात आल्याशिवाय माणूस ठणठणीत आहे असं म्हणायची तिला सवय नव्हती.

रविवारी सकाळी तिघं एसटीनं निघाली. दामिनीच्या अव्वाला, म्हणजे आईला, बसम्माला, स्थळापेक्षा बागेचंच अप्रूप जास्त. लग्नाला तीस वर्षं झाली, पण नवऱ्याबरोबर हिरवळीवर बसून दोन घास खाल्लेत असं एकदाही झालं नव्हतं. तिनं पहाटे उठून धपाटे केले, शेंगाची चटणी बांधून घेतली, ठेवणीतलं इरकल नेसली. नांदेडला उतरल्यावर गुरुद्वाऱ्यात माथा टेकला, पुलावरून गोदावरी बघितली, आणि बाराला पाच कमी असताना रिक्षा उद्यानासमोर थांबली.

गेटाला हे एवढं मोठं कुलूप!

आत काय सुख होतं! कडुनिंबाची गार सावली, पाणी मारून ओली केलेली हिरवळ, रिकामे बाक, रिकामे झोपाळे. बाहेर एप्रिलचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. भिंतीवर पाटी होती: सकाळी पाच ते दहा, दुपारी चार ते आठ. म्हणजे ज्यांचं घर इथंच आहे त्यांच्यासाठी पहाट आणि संध्याकाळ. लांबून एसटीनं येणारा माणूस दुपारीच येणार, आणि दुपारी झाडं कुलपात! कुणाच्या सुपीक डोक्यातून ही वेळ निघाली असेल, देव जाणे. दामिनी गज धरून आत बघत राहिली.

तेवढ्यात पांढरी गाडी आली. शिवमूर्ती उतरले, मागून आदर्श उतरला. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, नजर खाली.

"शरणु, शरणु!" शिवमूर्तींनी हात जोडले. मग गेटाकडे बघून कपाळावर हात मारला. "अरेच्चा! बंद असतं वाटतं दुपारचं. आता आम्हाला तरी काय ठाऊक!"

तोवर गेटाजवळच्या स्टुलावरून वॉचमन उठला. करीमभाई म्हणायचे त्याला. त्यानं लगबगीनं सलाम ठोकला. "साहेब, सकाळी काही इसरलं का आत? पाण्याची बाटली राहिली का?"

शिवमूर्तींचा चेहरा पडला. "न्हाई, न्हाई," ते पुटपुटले.

दामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर तिनं या माणसाचं स्टेटस बघितलं होतं. रोज पहाटे हास्यक्लबची हात वर करून हसणारी मंडळी, मधोमध हे, आणि मागे हेच गेट, हीच पाटी. ज्याचा दिवस या बागेत उगवतो त्याला ही दुपारी बंद असते हे ठाऊक नाही? मुद्दामच बारा सांगितले होते. अट पाळल्याचं नाव, आणि पोरीला बोलू द्यायचंच नाही!

"जाऊ द्या हो," शिवमूर्ती सावरून म्हणाले. "समोर एसी हॉटेल हाय. सगळे मिळून बसू. पोरीला काय विचारायचं ते सगळ्यांसमोर विचारू द्या. आपल्यात काय लपवायचंय?"

अप्पा मान डोलवून निघालेसुद्धा.

"काका," दामिनी जागची हलली नाही, "तुम्ही रोज पहाटे इथंच येता ना?"

"दामिनी!" अप्पा दबक्या आवाजात ओरडले.

"वेळ तुम्हाला तोंडपाठ असणार. तरी बारा म्हणालात. कामून?"

शिवमूर्तींचं हसू कुठल्या कुठं गेलं. "शरणप्पा, तुमची पोरगी लई बोलती हो."

दामिनीनं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि आदर्शकडे बघितलं. "चारला उघडतंय. मी इथंच बसते. तुम्ही थांबता?"

आदर्शनं गेट बघितलं. घड्याळ बघितलं. मग बापाचं तोंड बघितलं. "पप्पा काय म्हणतेत बघू," तो म्हणाला. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, इंजिनिअर म्हणे, आणि सावलीत बसायचं का उन्हात हेसुद्धा बापाला विचारून! पप्पा गाडीकडे वळले, मागोमाग तोही. गाडीचं दार धाडकन लागलं. "चारच्या पुढं फोन करतो," एवढं शिवमूर्तींचं काचेतून ऐकू आलं.

गाडी वळली तसा अप्पांचा बांध फुटला. "पाणउतारा केलास माझा! चांगलं स्थळ हातचं घालवलंस! तोंड म्हणून आवरता येत न्हाई तुला."

"फसवलं त्यांनी आणि राग माझ्यावर?" दामिनीचा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, बघेनात का! "त्यांच्यासमोर मूग गिळून बसलात आणि आता माझ्यावर ओरडून राहिलाव. तुम्हाला माझाच का राग येतो अप्पा, दरवेळी?"

अप्पांनी रुमालानं मान पुसली.

भिंतीवरून कडुनिंबाची एक फांदी बाहेर झुकली होती, तिच्याखाली फुटपाथवर बसम्मानं पदर सारखा करून बैठक मारली आणि धपाट्याचं गाठोडं सोडलं. "मला बघाय आल्ते तवा मला कुणी काय विचारू दिलं न्हाई," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "हिनं विचारलं तर तुमचं काय जातंय? बसा. बाग बघितल्याबिगर मी बी हलत नसते."

अप्पा बसले. करीमभाईनं गपचूप स्वतःचा पाण्याचा जार आणून ठेवला. अव्वा आणि अप्पांनी धपाटे खाल्ले, दामिनीनं आपला तसाच गुंडाळून ठेवला. चार तास ती त्या कुलपाकडे दातओठ खात बघत होती. दोनदा वाटलं, एक दगड घ्यावा आणि घालावा त्याच्यावर. पांढरी गाडी दिसली की मान आपोआप वर व्हायची, आणि त्याचाही तिला रागच यायचा.

चार वाजले. गाडी आली नाही. करीमभाईनं कुलूप काढलं आणि गेट ढकलता ढकलता हळूच म्हणाला, "बेटी, एक सांगू? मागच्या साली बी साहेबांनी पाव्हणे असेच बाराला बोलावले होते. देवणीचे होते. ती पोरगी बी अशीच गज धरून उभी होती."

दामिनी गेटातच थांबली. "मग?"

"मग काय. सगळे हॉटेलात गेले. ती बी गेली. तुझ्यावाणी चारपर्यंत थांबली न्हाई."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगता?" ती त्याच्यावरच कडाडली. "चार तास शेजारी बसून होतात!"

"साहेब या बागेच्या मंडळाचे अध्यक्ष हायत, बेटी." करीमभाईनं मान खाली घातली. "माझी नोकरी हाय."

तिचा राग काही उतरला नाही. पण त्या म्हाताऱ्यावर आणखी ओरडण्यात काय हशील होतं? ती आत गेली. हिरवळीवर जाऊ नये अशी पाटी होती. तिनं पाटी वाचली, चपला काढल्या आणि अनवाणी हिरवळीवर गेली. गवत अजून ओलसर होतं. बसम्मा लहान पोरीसारखी झोपाळ्यावर जाऊन बसली होती.

साडेचारला अप्पांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं. करीमभाईचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. ते हिरवळीच्या कडेला आले, पाटीपाशी थबकले, मग तेही चपला काढून आत आले आणि फोन दामिनीच्या हातात दिला.

"तूच बोल," ते म्हणाले. "काय बोलायचं ते बोल."

"झाला का राग शांत?" पलीकडून शिवमूर्ती हसत होते. "या मग हॉटेलात, आम्ही आलोत. आदर्श बी हाय."

"न्हाई काका, आम्ही बागेत हाव. साखरपुडा का मोडला ते मला विचारायचं होतं, त्याचं उत्तर इथंच मिळालं." तिचा आवाज रागानं थरथरत होता, पण शब्द एकही अडखळला नाही. "पुढच्या पोरीला तरी चार वाजता बोलवा."

तिनं फोन कापला, अप्पांना परत दिला आणि अव्वाचा झोपाळा ढकलायला गेली.