अकरा गाड्यांच्या मागे

परभणी आठ मैल

"चंद्रभान, हाण की जरा! घोडं आहे का गाढव?"

"घोडंच हाय मालक. पर पुढं अकरा गाड्या हायत. काय त्यांच्या अंगावरून नेऊ?"

गाड्या कापसाच्या होत्या. बोरीहून रात्रभर चालून परभणीच्या जिनिंगकडे निघालेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खोल चर, शेजारून टांगा काढायला वीतभर जागा नाही. गाडीवान कापसावर घोंगड्या पांघरून झोपले होते. मागच्या गाडीचे बैल पुढच्या गाडीतला कापूस ओढून चघळत आपोआप चालत होते.

"उठव त्यांना."

"उठवत नसत्यात मालक. रातभर चाललेल्या गाडीवानाला रस्त्यात कुनी उठवत न्हाई. रीतच हाय तशी. जिनिंगच्या फाटकापाशी आपसूक उठत्यात."

"तोवर माझी नोकरी जाईल."

टांग्यात बसलेले अनंतराव कचेरीत कागदांच्या नकला उतरणारे नकलनवीस होते. दहाच्या ठोक्याला पेशकार माणिकराव हजेरीबुकात न आलेल्याच्या नावावर लाल शाईने रेघ मारीत. महिन्यात तीन रेघा म्हणजे कामावरून कमी. निजामी सालाच्या चालू बहमन महिन्यात दोन झाल्या होत्या आणि महिना संपायला चार दिवस होते. परभणीत खोली घ्यावी, तर आंधळी आई झरीतलं घर सोडायला तयार नव्हती.

परभणी सात मैल

जीव घाबरा झाला की अनंतराव मनातल्या मनात अर्ज लिहीत. सहा वर्षं हेच. लिहिता लिहिता छातीतली धडधड उतरायची.

अर्जदार अदबीने अर्ज करतो की, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची गर्दी असल्याकारणाने—

खोडलं.

अर्जदार अदबीने अर्ज करतो की, यात अर्जदाराचा काही कसूर—

तोंडात धूळ गेली. थुंकले.

अर्जदार—

आज अर्ज पुढे सरकेना.

"काय पुटपुटायलाव मालक?"

"तुझं श्राद्ध घालतोय."

"मंग जेवायला तर बलवा."

परभणी सहा मैल

इथे उजवीकडे नाल्याला उतरणारी पांदण होती. अनंतराव टांग्यातून उतरले, धोतर वर खोचलं आणि गाड्यांच्या कडेकडेने पळत सुटले.

"मालक! कुठं चाल्लाव?"

पहिल्या गाडीच्या पांढऱ्या बैलाची वेसण धरून त्यांनी त्याचं तोंड पांदणीकडे फिरवलं. बैलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग वळला. त्याच्या मागे दुसरी गाडी वळली. तिसरी. सातवी. अकरावी. एकही घोंगडी हलली नाही.

रस्ता मोकळा झाला.

अनंतरावांना हसू आलं. सहा वर्षांत या रस्त्यावर पहिल्यांदा.

चंद्रभान हसला नाही. "तिकडं नाला हाय," म्हणाला.

"बैलांना दिसतो."

"वाट तर तुमी दावली."

"तू हाक."

दहाला पाच कमी

"आज उडत आलात का काय?" माणिकरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "एरवी तुमच्या आधी तुमचा अर्ज येतो, अनंतराव."

कचेरी हसली. अनंतरावही हसले. दुपारी भाकरी गोड लागली.

परभणी सहा मैल, परतताना

ऊन कललं होतं. पांदणीच्या तोंडाशी चंद्रभानने टांगा उभा केला. कुणी सांगितलं नव्हतं. अनंतराव उतरून नाल्यापर्यंत गेले.

खाली नाल्यात पहिली गाडी उलटली होती. कापूस पाण्यात आणि चिखलात पसरून काळा पडला होता. एक बैल जुवाखाली मान मोडून मेला होता. दुसरा, पांढरा, बाभळीला बांधलेला. त्याच्याजवळ एक माणूस बसला होता, उजवा हात फडक्याने गळ्यात अडकवून. मागच्या दहा गाड्या वेळेवर थांबल्या होत्या आणि पांदणीतून मागे निघून कधीच परभणीला गेल्या होत्या.

"मी बोरीचा मुंजाजी," तो माणूस उठला. "बारा वर्सं झाली, ह्या बैलानं रस्ता सोडला न्हाई. आज कसा सोडला? तुमी शिकल्याली मानसं, मालक. सांगा."

चंद्रभान अनंतरावांकडे बघत राहिला.

खरं सांगितलं असतं, तर उद्या त्याच कचेरीत त्यांच्या नावाचं प्रकरण उभं राहिलं असतं. मग रेघ मारायलाही नाव उरलं नसतं.

"जनावर ते," अनंतराव म्हणाले. "त्याला काय कळतंय."

"आसं म्हंता?" मुंजाजी बैलाकडे वळला. मग डाव्या हाताने गवतातला आसूड उचलून त्याने अनंतरावांपुढे धरला. "मंग शिक्षा पायजे. न्हाईतर परत सोडील. मपल्याच्यानं हानवंना. लेकरावानी वाढिवलंय. तुमी हाना."

अनंतरावांनी हात पुढे केला नाही.

"हाना की मालक," चंद्रभान टांग्यावरून म्हणाला. "उशीर व्हायलाय."

पहिला फटका हलका पडला.

"आसा नगं," मुंजाजी म्हणाला. "त्येला कळंल आसा."

दुसरा. तिसरा. बैल जागचा हलला नाही. नुसती कातडी थरथरली. चौथ्या फटक्याला पांढऱ्या पाठीवर लाल वळ फुटला. पाचव्याला मुंजाजी मध्ये आला.

"पुरं, मालक. लय उपकार झाले."

डाव्या हाताने पटका सोडून तो बैलाच्या पाठीवरचं रक्त टिपू लागला.

अनंतराव वर आले. टांगा निघून गेला होता. झरीपर्यंत रस्त्यावर एकही गाडी नव्हती.