एक पॉइंट सहा

“अकरा दिवस, मावशी. अकराच्या अकरा दिवस एक पॉइंट सहा. एखाद्या दिवशी तरी खालीवर होईन का नाई?” भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर बोट टेकवून कुलदीपनं विचारलं.

जयवंताबाईंच्या हातात पेनाएवढा मीटर होता. नुकताच द्रावणाच्या टाकीत बुडवून काढलेला, आणि त्यावरही एक पॉइंट सहाच होतं. कुलदीपला नेमकं काय म्हणायचंय हे न कळायला त्या काही कुक्कुलं बाळ नव्हत्या.

“खालीवर कसं होईन भाऊ? आकडा कमी दिसला की मी त्यात खत टाकते. एक पॉइंट सहा झाल्याबिगर टाकीचं झाकण लावतच नाई.”

“मंग झाडं काहून पिवळी पडून राहिली?”

जयवंताबाईंचंही दुखणं तेच होतं.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीच्या मागं कुलदीप आणि त्याची थोरली बहीण प्राजक्ता यांचं हे पॉलिहाऊस. इथं मातीचा कण नाही. पांढऱ्या पाइपांना भोकं पाडलेली, भोकाभोकात लेट्यूसचं रोप, आणि पाइपातून दिवसभर वाहणारं खताचं पाणी. कृषी कॉलेजात शिकलेली प्राजक्ता पिकाचं बघायची, कुलदीप अमरावती-अकोल्याच्या हॉटेलांना माल पोचवायचा. आणि टाकीतल्या पाण्यात क्षार किती विरघळलेत ते रोज सकाळी मोजून फळ्यावर लिहायचं काम जयवंताबाईंचं. त्या आकड्याला ईसी म्हणतात. तो घसरला की रोप उपाशी, चढला की मुळं करपली. सातवी शिकलेल्या, भाज्या खुडण्यात वय गेलेल्या माळ्याच्या बाईला हे काय जमणार, असं कुलदीपला पहिल्यापासून वाटे. प्राजक्ता मात्र म्हणाली होती, “वरणातलं मीठ पाहता ना मावशी, तसंच पाहा.” तीन वर्षं जयवंताबाईंनी तसंच पाहिलं होतं, आणि तीन वर्षांत बोट ठेवायला जागा दिली नव्हती.

“दोन हॉटेलांनी माल वापस केला,” कुलदीप म्हणाला. “कडा जळल्या म्हणते, पानं मरतुकडी म्हणते. मले तं वाटते, तुमी मोजतच नाई. कालचा आकडा आज उतरवता.”

“कुलदीप, बस झालं,” प्राजक्ता मध्ये पडली. पण बोलून झाल्यावर तिचीही नजर फळ्याकडे गेली, आणि अकरा दिवसांवरून हळूहळू खाली उतरली. कुलदीपचं बोलणं जयवंताबाईंनी कानाआड टाकलं असतं. ही नजर त्यांना लागली.

“उद्या मी सोता मोजते, मावशी,” ती खाली बघत म्हणाली. “तुमी रोपं पाहा फक्त.”

जयवंताबाईंनी मीटर पुसला, त्याला टोपण लावलं आणि तिच्या हातात दिला.

संध्याकाळी नत्थुजी राजापेठेत भाजी विकून घरी आले, तेव्हा बायको ओट्यावर नुसती बसलेली. झाला प्रकार ऐकून त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि म्हणाले, “तं सोडून दे. मी म्हणतो का तुले, कामाले जाय म्हणून?”

“काम गेलं तं जाऊ द्या. पण खोटी म्हणून जाले नाई पायजे. इतक्या वर्षात जुडीत एक पिवळं पान तरी लपवलं का मी?”

“नाई लपवलं,” नत्थुजी म्हणाले. “पानं काढू काढू माही जुडीच बारीक करत होती तू. गिऱ्हाइकाचे बोलणे मी खाल्ले.”

एरवी जयवंताबाईंना हसू आलं असतं. आज आलं नाही, कारण एक गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. पॉलिहाऊसचं पावसाच्या पाण्याचं शेततळं मे लागताच तळाला गेलं आणि बारा दिवसांपासून टँकर सुरू झाला. तेव्हापासून टाकीला खत कमी लागत होतं. आधी चार मापटी घातली की एक पॉइंट सहा व्हायचं. मग ते तीन मापट्यांत होऊ लागलं, आता दीडमध्येच. त्यांना वाटलं, या खेपेचं खत कडक दिसतं. वर आपण खत वाचवतोय म्हणून त्या मनातल्या मनात खूशही झाल्या होत्या. ती खुशी आता काट्यासारखी सलत होती. चूक असलीच तर ती तिथंच कुठंतरी होती, पण कुठं, ते काही हाती लागेना.

सकाळी त्या कामावर गेल्या. न जावं असं तीनदा मनात आलं, पण न जाणं म्हणजे कबूलच करणं. प्राजक्ता टाकीपाशी मीटर घेऊन उभी होती. तिच्याही मीटरवर एक पॉइंट सहा आलं. तिनं एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बुडवून पाहिला. “आकडा तं बरोबर हाय,” ती म्हणाली आणि गोंधळून रोपांकडे पाहू लागली. रोपं कालच्याहून पिवळी होती.

तेवढ्यात पिंटूचा टँकर आला. त्यानं पाइप हौदात सोडला आणि मोबाइल काढून सावलीला बसला. जयवंताबाई हौदाकडे आल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, डोळे चुरचुरत होते. पाइपाची धार ओंजळीत धरून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. थोडं ओठांवर उतरलं, थोडं जिभेवर गेलं.

जयवंताबाई जागच्या जागी थांबल्या.

ही चव त्यांच्या माहेरची होती. दर्यापूरकडं, पूर्णेच्या काठी खारपाणपट्ट्यात त्यांचं माहेर. तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. लग्न होऊन इकडं आल्यावर दोन महिने त्यांना इथलं पाणी पाणचट लागायचं, आणि सासू म्हणायची, पोरगी काय मीठ खाऊन मोठी झाली का. चाळीस वर्षांनी ती चव नांदगाव पेठच्या हौदात कशी आली?

त्यांनी दुसरी ओंजळ भरली, नीट घोळवून पाहिली आणि थुंकली. मग जवळजवळ पळतच टाकीपाशी गेल्या.

“ताई, मीटर द्या. खत टाकलेलं नाई मोजायचं. हे नुसतं पाणी मोजायचं.”

प्राजक्तानं काही न विचारता मीटर दिला. हौदातल्या साध्या, बिनखताच्या पाण्यात जयवंताबाईंनी तो बुडवला. आकडा हलला, स्थिरावला. एक पॉइंट एक.

प्राजक्ताचा चेहराच बदलला. तळ्याचं पाणी पॉइंट दोनच्या वर कधी गेलं नव्हतं, म्हणून साधं पाणी मोजायचं कोणाच्या ध्यानीमनीच नव्हतं. “अरे बाप्पा,” ती खाली बसत म्हणाली. “मावशी, मीटरले खत नाई समजत. त्याले फक्त खारेपण समजते. एक पॉइंट एक तं मीठच हाय. वरचं पॉइंट पाच तेवढं खत. झाडं उपाशी हायेत बारा दिवसांपासून, आणि मिठानं जळून राहिलीत.”

“म्हणजे माहा आकडा...”

“तुमचा आकडा रोज खरा होता, मावशी.”

जयवंताबाईंचा जीव भांड्यात पडला. हौदाच्या कठड्याला टेकून त्यांनी डोळे मिटले, आणि कालपासून छातीवर बसलेलं ओझं उतरताना त्यांना चक्क कळलं. पण तेवढ्यावर त्यांचा स्वभाव थांबू देईना.

“खरा होता, पण चूक माहीबी हाय,” त्या म्हणाल्या. “मापटं कमी लागून राहिलं होतं. मी सांगाले पायजे होतं. मले वाटलं, मी वाचवून राहिली.”

“आणि साधं पाणी मोजाले मी शिकवलंच नाई तुमाले,” प्राजक्ता म्हणाली. “कृषी कॉलेजची शिकलेली मी.” दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. हसता हसता प्राजक्तानं डोळे पुसले.

कुलदीप आल्यावर पिंटूची झाडाझडती झाली. नेहमीची विहीर आटली, म्हणून तो दर्यापूर रोडवरच्या एका बोअरवरून टँकर भरत होता. “पाणी पाणीच असते ना भाऊ,” एवढंच त्याचं म्हणणं. कुलदीपनं त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. जयवंताबाईंकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. त्यांच्या बाजूनं जाताना “उन्हात काहून उभ्या, मावशी?” एवढं पुटपुटला आणि फळ्यावर ‘ईसी’च्या आधी एक नवा रकाना आखून वर ‘साधं पाणी’ असं लिहिलं.

सगळ्या टाक्या रिकाम्या केल्या. दोन ओळी हातच्या गेल्याच, त्या उपटताना जयवंताबाईंना वाईट वाटलं. पण दुसऱ्या विहिरीवरून आणलेलं गोडं पाणी आणि पुरेसं खत मिळालं तशी उरलेल्या रोपांच्या गाभ्यातून सहाव्या दिवशी हिरवी पानं वर आली. प्राजक्तानं त्यांना हात धरून दाखवायला नेलं.

सातव्या दिवशी टँकर फाटकातून आत आला. पिंटूनं पाइप हौदाकडे ओढला, तसा कुलदीप आडवा गेला.

“थांब. मावशी चाखतीन, मंग सोड.”

“भाऊ, मीटर हाय ना तुमच्यापाशी.”

“हाय. तो बी लावू. पैले मावशी.”

जयवंताबाई रोपांतून बाहेर आल्या. हात धुतले, पदराला पुसले. पिंटू नळी धरून उभा राहिला, कुलदीप फळ्यापाशी पेन घेऊन, प्राजक्ता दारात. त्यांनी एक घोट घेतला. पाणी गोडं होतं, ते त्यांना जिभेला लागताक्षणीच कळलं.

तरी त्यांनी आणखी एक घोट घेतला, सावकाश. तिघंही थांबून राहिले.