हिंमतरावांच्या ओट्यावरची वांगी

माझी बाजारातली जागा गेली तवा साऱ्या गावाले चेकोस्लोव्हाकियाची काळजी लागली होती. नाव घेता घेता जीभ लचकते बाई, पन त्या भादव्यात शेंबडी पोरंबी तेच घोकत होती. रशियाचे रणगाडे त्या लहानशा देशात घुसले होते, अन् आमचे सरपंच हिंमतराव ओट्यावर रेडिओ लावून लोकाइले समजावून राह्यले होते, "घुसले कोन म्हनते? त्याइले बोलावलं होतं. दोस्त दोस्ताच्या घरी गेला, त्यात काय?"

आता याच हिंमतरावांनं आदल्या साली, इस्राएलनं अरबाइची जमीन घेतली तवा, गावसभा भरवली होती. टेबलावर असा हात आपटला का तांब्या खाली पडला. धिक्काराचा ठराव थेट दिल्लीले धाडला. मंग यंदा काऊन चूप? तं त्याइनं रशियन ट्रॅक्टरले नंबर लावला होता! अन् त्याइचा विरोधक जानराव? तो आदल्या साली म्हने, "अरबाइनंच खोडी काढली," अन् यंदा चावडीवर छाती बडवून राह्यला, "लहान्या देशावर जुलूम!" दोघाइनं बाजू बदलली, आवाज मातर तेवढाच मोठा.

मले काय करायचं होतं त्याचं? मले माझ्या जागेचं पडलं होतं. धाड गावच्या रस्त्याले येष्टी थांबते तिथं सासूच्या काळापासून आमचं वांग्याचं टोपलं. गाडीतून उतरलेला मानूस पयले माझ्यापाशी यायचा, माल दुपारच्या आत खपायचा. त्याच्यावर आमचं घर चालायचं. अन् एका मंगळवारी बाजाराले जाऊन पाह्यते तं हिंमतरावांचा भाचा शेषराव तिथं पाल ठोकून कापडाचं दुकान मांडून बसलेला! माझी जागा नालीकाठी.

"मावशी, तिकडंबी गिऱ्हाईक येते," म्हने.

येते तुझं कपाळ! तिकडं डुकरं येते. वांगी जशी नेली तशी घरी आनली. सकाळी वांग्याची भाजी, संध्याकाळी भरीत. नवरा ताटाकडं पाह्ये अन् मंग माझ्याकडं पाह्ये.

हिंमतरावांकडं गेली. त्याइनं डोळे मिटून सारं ऐकलं अन् म्हनले, "रुखमाबाई, दोन्ही बाजूनं जरा दमानं घ्या. बोलाचालीतून मार्ग निघते." जानरावाकडं गेली तं तो म्हने, "जगात काय चालू हाय, अन् तू वांगी घेऊन बसली!"

असा राग आला का सांगू नका. म्हटलं थांब, आता बसतेच.

हिंमतरावांकडून निघताना त्याइची बायको, अन्नपूर्णाबाई, दारातून म्हनली होती, "कधी येतच नाही रुखमाबाई. या ना बसाले एखांद्या दिवशी!" आपन सारेच म्हनतो तसं. पन म्या ते मनावर घेतलं. पुढच्या मंगळवारी सकाळीच दोन टोपली, तराजू, बसायचं पोतं घेऊन हिंमतरावांच्या ओट्यावर ठाण मांडलं. रेडिओवर एक भोपळा ठेवला, म्हनजे दुरून दिसन.

अन् काय गर्दी झाली माय! वांगी घ्यायले कमी, पाह्याले जास्त. कोनाची तरी गाय देठाच्या वासानं पायरी चढून आली. हिंमतराव अंघोळीवरून टॉवेलावरच धावत भायेर आले.

"हे काय मांडलं? माझ्या ओट्यावर कब्जा?"

"कब्जा कोन म्हनते भाऊ? मले बोलावलं. इचारा बाईले."

अन्नपूर्णाबाईनं पदर तोंडात कोंबला. हसू काही थांबेना. "हाव, म्याच म्हटलं होतं," म्हनली.

"मंग जाशील कधी?"

"परिस्थिती सुधरली का लगेच."

जानरावानं मारे खुशीनं शेरभर वांगी घेतली. हिंमतरावांचं तोंड पाह्यासारखं झालं. त्याच दुपारी ट्रॅक्टरच्या कामाचा साहेब त्याइच्याकडं चहाले यायचा होता, अन् ओट्यावर गायीनं नुकताच आपला कार्यक्रम उरकला होता! त्याइनं तिथूनच शेषरावाले निरोप धाडला. माझी जागा मले भेटली. साऱ्या बाजारानं टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, लय भारी वाटलं.

शेषराव काही लांब गेला नाही. बाजूलेच कचरू बसत होता, सांबाराच्या, म्हनजे कोथिंबिरीच्या, जुड्या इकनारा. शेषरावानं त्याची जागा धरली. पाल मोठं होतं, त्याची अर्धी सावली माझ्या टोपल्यावर आली. "मावशी, तुमची वांगी आता उन्हानं सुकनार नाही," म्हनला. पोरगं तसं वाईट नाही हो.

कचरू माझ्यापाशी आला. "मावशी, चला ना माह्यासंगं सरपंचाकडं. तुमचं ऐकते ते."

आता काय सांगावं त्याले? म्हटलं, "बाबा, तूबी माह्या शेजारचा, तोबी शेजारचा. मी मधात पडून कोनाले वाईट होऊ?"

तो टोपलं उचलून नालीकाठी उन्हात जाऊन बसला. दुपारपर्यंत त्याच्या जुड्याइनं माना टाकल्या. माह्या जिवाले कसंतरीच झालं. म्हनून घरी जाताना म्या त्याच्या दोन सुकल्या जुड्या घेतल्या, भावात घासाघीसबी केली नाही. आता याच्यापेक्षा जास्त एका बाईनं काय करावं, तुम्हीच सांगा!