मागच्या खोलीतला नाताळ

पाळकसाहेबांच्या नाताळच्या प्रवचनात देव हटकून स्वयंपाकघरात यायचा. कधी तो उतू जाणाऱ्या दुधाशेजारी उभा असायचा, कधी भांडी घासणाऱ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवायचा. देव काय फक्त चर्चमध्येच असतो? तो रोजच्या कामात आहे, केरवाऱ्यात आहे, आजाऱ्याच्या उशाशी आहे, असं पाळकसाहेब इतक्या गहिवरून सांगायचे की पुढच्या बाकांवरच्या बायका रुमाल शोधायच्या. एकदा पाळकीणबाई तापाने आडव्या झाल्या तेव्हा याच देवमाणसाने झोपेतून उठवून त्यांना विचारलं होतं, मीठ कुठल्या बरणीत असतं?

पाळकीणबाईंना नवऱ्याच्या या प्रवचनांचा तिटकारा होता. देवाचा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. देव स्वयंपाकघरात असेलही, त्यांना कधीमधी तसं वाटायचंही. पण पाळकसाहेब तिथे नव्हते, याची मात्र त्यांना पक्की खात्री होती. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर शेळीच्या डोळ्यांत देव दिसतो म्हणायचं, असला हा प्रकार.

घराच्या मागच्या खोलीत पाळकसाहेबांची आई पडून होती. डोळे गेलेले, पाय गेलेले, जीभ तेवढी शाबूत. तिला भरवणं, कूस बदलणं, शौचाचं भांडं देणं, पाठीला पावडर लावणं, सगळं सुनेच्या हातचं. मुलगा रविवारी दुपारी उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच आईसाठी प्रार्थना करायचा, तीही व्यासपीठावरच्या आवाजात. खोलीतला वास त्याला सोसत नव्हता. तसं तो म्हणायचा नाही, आईला विश्रांती हवी असं म्हणायचा.

एकदा म्हातारीला एकटं ठेवलं आणि ती पलंगावरून खाली आली. तेव्हापासून कुणीतरी घरी थांबायचं असं ठरलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे ठरवायची गरजच पडली नाही. एरवी रविवारी प्रवचनापुरती एक बाई मदतीला यायची, पण नाताळला तिलाही तिचं घर होतं. त्यामुळे कित्येक वर्षं नाताळची गाणी पाळकीणबाईंनी न्हाणीच्या खिडकीतून ऐकली. वाऱ्याची दिशा बरी असेल तर एखादी ओळ यायची, नसेल तर नुसती ऑर्गनची घरघर.

आणि ही बाई कोण? लग्नाआधी चर्चच्या गायकवर्गात खालचा सूर धरणारी. तो सूर असताना कुणाच्या लक्षात येत नाही, नसला की गाणं पोकळ वाटतं. पाळकसाहेबांनी तो आवाज ऐकूनच मागणी घातली होती. पुढे त्या आवाजाचं काम राहिलं ते म्हातारीला ‘तोंड उघडा’ म्हणण्यापुरतं.

या वर्षी त्यांनी आधीच सांगून ठेवलं. नाताळच्या सकाळी मला चर्चमध्ये उभं राहून गायचंय, तेवढा वेळ कुणाला तरी बसवा. पाळकसाहेबांनी हो-हो केलं आणि विसरले. आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारलं तेव्हा ते प्रवचनाचे कागद चाळत होते. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की माया उतू जाते, अशी त्यांची समजूत होती.

“अगं, तू चर्चला आलीच पाहिजेस असं कुठे आहे?” ते म्हणाले. “देव जेवढा तिथे आहे, तेवढाच त्या मागच्या खोलीत आहे. किंबहुना जास्तच.”

पाळकीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी जाऊन ठेवणीतले कपडे काढले आणि त्यांना इस्त्री केली.

सकाळी पाळकसाहेब दाढीला साबण लावून आरशासमोर उभे होते. पाळकीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, तयार होऊन, चपला घालून. दूध-पाव कालवून ठेवलाय, म्हातारीला भरवा, भांडं पलंगाखाली आहे, असं त्यांनी सांगितलं. साहेबांना आधी कळेचना. कळलं तेव्हा साबण तोंडात गेला.

“आणि उपासना? मंडळी माझी वाट बघतील.”

“देव आहे की तिथे,” पाळकीणबाई म्हणाल्या. “मागच्या खोलीत तर जास्तच आहे. तुमचा फायदाच झाला.”

त्या निघाल्या. साहेब फाटकापर्यंत धावणार होते, पण अर्ध्या दाढीचा पाळक रस्त्यावर शोभत नाही, आणि आतून आई हाका मारू लागली होती.

चर्चमध्ये खजिनदारांनी विचारलं, साहेब कुठे आहेत? “देवाजवळ बसलेत,” पाळकीणबाईंनी सांगितलं. लोकांनी आदराने आवाज खाली आणला. केवढी ही साधना, नाताळच्या दिवशीसुद्धा! मग खजिनदारांनीच अडखळत शास्त्रपाठ वाचला, प्रार्थना झाली, आणि उरलेला सगळा वेळ मंडळी गात राहिली. प्रवचन झालं नाही. कुणाचंही काही अडलं नाही. पाळकीणबाईंचा आवाज पहिल्या ओळीला चिरकला, दुसरीला गंजल्यासारखा निघाला, आणि मग लागला. शेजारची बाई गाता गाता थांबून त्यांच्याकडे बघू लागली. पाळकीणबाई रडत होत्या आणि सूर सोडत नव्हत्या. कुणाच्याही प्रवचनाशिवाय देव त्यांच्या शेजारी येऊन उभा होता.

घरी आल्या तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या बाहेरच थांबल्या. साहेब पलंगाच्या कडेला बसले होते, अर्धी दाढी तशीच, सदऱ्यावर दूध. म्हातारी त्यांचा हात चाचपत होती.

“हा सूनबाईचा हात नाही,” ती म्हणाली. “कोण आहे?”

“मी आहे, आई.” आवाज अगदी बारीक.

“मी म्हणजे कोण?”

“तुझा मुलगा.”

म्हातारी हसली. “माझ्या मुलाचा आवाज केवढा मोठा आहे! आणि तो इथे येत नाही हो, तो देवाच्या कामात असतो. तुम्ही लांबून आलात का? बसा. सूनबाई आली की चहा करेल.”

साहेब उठून बाहेर आले. डोळे भरलेले होते. काही झालं तरी माणूस आपला, असं वाटून पाळकीणबाईंनी त्याच्या खांद्याकडे हात नेला.

“अगं,” साहेब डोळे पुसत म्हणाले, “कसला दाखला मिळाला बघ! नव्या वर्षाच्या प्रवचनाला चर्चमध्ये एक डोळा कोरडा राहणार नाही.” आणि ते खिशात पेन चाचपू लागले.

पाळकीणबाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्या आत गेल्या, पलंगाखालचं भांडं काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं. भांडं भरलेलं होतं.

“लिहा,” त्या म्हणाल्या, “पण आधी हे धुऊन आणा. आणि उद्याही, परवाही.”

साहेबांनी भांड्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तिथे चष्मा काढून काही होण्यासारखं नव्हतं. मान फिरवून, नाक आवळून ते न्हाणीकडे गेले.

“सूनबाई, आलीस का गं?” म्हातारीने विचारलं. “ते पाहुणे गेले?”

“नाही, सासूबाई. आहेत. आता रोज येणारेत.”

न्हाणीतून साहेबांचा आवाज आला, भांडं घासायचा ब्रश कुठे असतो?

“शोधा,” पाळकीणबाई म्हणाल्या. “सापडेल.”