मिटल्या तोंडाचं कडवं

माझं कुणी ऐकलंच नाही. मी कण्हले की म्हणायचे, "चामडं सर्दलंय." मी पायपेटी आहे. खोटं बोलायला मला जीभ नाही, तरी विश्वास ठेवला तो जीभवाल्यांवर.

तार्तू शहरातल्या एका सुतारानं मला घडवलं. तिथून आले विल्यांदीजवळच्या एका गावात, ओस्वाल्द पिह्लाकच्या घरी. तो गावच्या गायकमंडळाचा मास्तर. गाणी रचायचा ती माझ्यावरच. भाता फाटला तर स्वतः शिवायचा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

रशियनांचं राज्य आलं आणि त्याच्या एका गाण्याच्या शेवटच्या कडव्यावर बंदी आली. त्यात 'आपली माती' असे शब्द होते. मग चाळीस माणसं ते कडवं तोंड मिटून नुसती गुणगुणायची. शब्दच नाहीत, तर पकडणार कशावरून? पण ते विसरले जाऊ नयेत म्हणून मंडळातल्या तिघांनी हातानं उतरवून घेतले. ते कागद मास्तरनं लपवले माझ्या पोटात, भात्यामागे.

तालमीत थट्टाही चालायची. खर्जातला म्हातारा रुडोल्फ म्हणायचा, "एल्फ्रीदे, तुझा सूर आहे की सुतळी? मधेच गाठ पडते."

"काका, तुमच्या खर्जानं माझी गाय आटली. आधी तिचं बघा."

मार्चमध्ये गुप्त पोलिसांचे दोन साहेब घरी आले. शोधाशोध नाही, आदळआपट नाही. कागद सापडले. लिहिणारे तिघे सायबेरियाला गेले, त्यात रुडोल्फही. मास्तरला नुसती ताकीद. लोक म्हणाले, नाव मोठं म्हणून वाचला.

एल्फ्रीदे आदल्या दिवशी शहरात गेली होती. तेवढं संशयाला पुरलं. पुढच्या तालमीला रुडोल्फची बायको तिच्यासमोर उभी राहिली.

"कशाला गेली होतीस?"

"बुटांच्या रेशनच्या चिठ्ठीला. हे बघ, पायात आहेत."

"तिघांच्या बदल्यात एक जोड. स्वस्तात दिलंस, बाई."

मास्तर स्वरलिपीची पानं चाळत राहिला. मी इतकी कण्हले की त्यानं माझं झाकण लावलं.

पुढं त्यानं त्या तिघांवर, नावं न घेता, शोकगीत रचलं. गीतोत्सवात ते हजारोंनी गायलं, त्याच्या गळ्यात ओकच्या पानांचा हार पडला. एल्फ्रीदे कुंपणाबाहेरून ऐकत होती. तिला मंडळात परत कुणी घेतलं नाही. मेली तेव्हा थडग्यावर गायला एकजणही आला नाही. गाण्याशिवाय मातीत जाणं आमच्याकडे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आता मी संग्रहालयात आहे. 'हात लावू नये' अशी पाटी आहे. मुलांना माझ्यासमोर तीच जुनी गोष्ट सांगतात, त्या बुटांची.

तर ऐका. साहेबानं हळूच विचारलं होतं, "मास्तर, बायकोला सायबेरियाची थंडी सोसेल का?" मग माझी मागची फळी ज्यानं काढली, तो गुडघ्यावर बसला होता. कुठलं अक्षर कुणाचं, तेही त्यानंच सांगितलं. भ्याला, ते मी केव्हाच माफ केलं. पण एका बाईला जन्मभर बदनामीच्या चिखलात उभं केलं, ते नाही. त्या गोष्टीतून एल्फ्रीदेचं नाव पुसा आणि तिथं लिहा, ओस्वाल्द पिह्लाक.