दोन दिवसांच्या वेचणीचा वाघ

माणूस कशावर खर्च करतो आणि कुठे हात आखडता घेतो, हे टिपेश्वर अभयारण्याच्या गेटवर आठ वर्षांत मला जेवढं कळलं तेवढं कॉलेजातही कळलं नव्हतं. मी नानाजी, इथला गाईड. पाच-सहा लाखांचा कॅमेरा गळ्यात घालून आलेला माणूस टपरीवर चहाच्या दहा रुपयांवरून हुज्जत घालतो. जिप्सीत बसल्या बसल्या विचारतो, "वाघ नक्की दिसेल ना?" आणि नाही दिसला की उतरताना माझ्याकडे असा बघतो, जसा काही मी वाघ घरी दावणीला बांधून ठेवलाय. अशा मंडळींमुळे माझी जीभ जरा तिखट झाली आहे, हे कबूल करतो. त्या सकाळी ती चुकीच्या माणसांवर चालली.

संक्रांतीच्या चार दिवस आधीची गोष्ट. थंडी मरणाची होती. तिकिटाच्या खिडकीपाशी सहा बायका डोक्याला रुमाल बांधून उभ्या होत्या. हातांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे. गवत कापायला मजूर पाहिजेत अशी कुणीतरी आवई उठवली असणार, असं समजून मी चालता चालताच ओरडलो, "बायाहो, कामाची भरती बंद आहे! थंडीत कायले उभ्या राह्यल्या?"

त्यांच्यातली उंच बाई पुढे आली. तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

"काम कराले नाही आलो, भाऊ. आज कामाले सुट्टी आहे. माह्या भाचीनं, सुरभीनं, मोबाईलवर जिप्सी बुक केली. पाह्य."

पाहिलं. सहा नावं, पैसे भरलेले, गाईड म्हणून मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसली आणि टपरीवाल्याला म्हणाली, "आठ चहा दे." भाव विचारला नाही. मी आणि ड्रायव्हर देवीलाल तिच्या मोजणीत आधीच धरलेले होतो.

उंच बाईचं नाव विमलताई. राळेगावकडच्या या सहाजणी एकत्र कापूस वेचतात, आणि ही त्यांची म्होरकी. चहा पिता पिता तिनं मला बाजूला घेतलं. घोळक्याच्या मधोमध एक बारकीशी बाई दोन्ही हातांनी कप धरून उभी होती, तिच्याकडे हनुवटीनं खूण केली.

"ते सुखीबाई. दिवाळीच्या आधी वेचता वेचता तिच्या कपाशीच्या ओळीत वाघ निंघाला. आम्ही बोंबलत पयालो. हे तिथंच बसली, डोये गच्च मिटून. वाघ बाजूनं गेला, पण हिनं पाह्यलाच नाही. तवापासून वावरात पाय नाही टाकला तिनं."

"मंग त्या बाईले वाघाजवळ काहून आणलं?"

"पाह्यला असता तर बरं झालं असतं, भाऊ. आता तिच्या डोक्यातला वाघ रोज वाढून राह्यला. परवा म्हने, बैलगाडीएवढा होता! म्हटलं, खरा केवढा असते ते एकदा दाखवून आणू. आम्ही पाचजणींनी दोन-दोन दिवसांच्या वेचणीचे पैसे टाकले."

आठ वर्षांत मी लग्नाचे वाढदिवस पाहिले, ऑफिसच्या सहली पाहिल्या, फोटोच्या स्पर्धा पाहिल्या. मैत्रिणीच्या मनातला वाघ लहान करायला पैसे काढणारी माणसं पहिल्यांदाच पाहिली. मला विमलताईचं फार कौतुक वाटलं. पण वाघ काही माझ्या शब्दावर येत नाही.

आम्ही आत शिरलो. दोन तास हरणं, रानडुकरं, मोर. विमलताई प्रत्येकाला "वा!" म्हणत होती. सुखीबाई कुठेच बघत नव्हती, पुढच्या दांडीला धरून बसली होती. मी एरवी लोकांच्या वाघाची फिकीर करत नाही. त्या दिवशी देवीलालला तीनदा गाडी वळवायला लावली.

चौथ्या वळणावर त्यानं इंजिन बंद केलं. समोरून, धुळीच्या रस्त्यानं, वाघीण सरळ आमच्याकडे चालत येत होती.

वाघीण तीस-चाळीस पावलांवर थांबली आणि रस्त्यातच बसली. मी मागे पाहिलं. सुखीबाईचं तोंड विमलताईच्या मांडीत, डोळे गच्च मिटलेले. माझा जीव नुसता तळमळला.

"सुखे," विमलताई तिच्या कानाशी लागली, "मी धरून आहो तुले. एकच डोया उघड."

सुखीबाईनं मान हलवली. वाघीण पंजा चाटत होती. आता उठेल, मला वाटलं, आता उठेल.

"एकच वो. मंग दुसरा."

बऱ्याच वेळानं ते डोकं वर आलं. वाघीण जांभई देऊन उठली, आमच्याकडे एकवार पाहिलं आणि कडेच्या गवतात शिरली. सुखीबाई ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. दोन्ही डोळे उघडे.

"एवढीच?" ती म्हणाली.

ती विमलताईकडे वळली.

"वावराच्या मालकाचा गोऱ्हा हिच्याहून मोठा आहे वो!"

मग ज्या हसल्या त्या बायका! जंगलात आवाज करू नये हा नियम मी रोज चारदा सांगतो. त्या दिवशी मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो.

गेटवर उतरलो तेव्हा त्यांचा ऑटो फाट्यावर थांबला होता. तिथवर जायला अरुंद कच्ची वाट, आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली तूर. विमलताई माझ्याकडे वळली.

"भाऊ, जिप्सीनं सोडून देशीन का? सुखी या तुरीतून..."

बोलता बोलता ती थांबली. सुखीबाई पुढे निघाली होती. एकटी. तुरीच्या शेंगांना हात लावत, दहा पावलं, वीस पावलं. विमलताईनं हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही. तिनं पदर तोंडाला लावला.

वळणावरून सुखीबाईनं मागे पाहिलं.

"येता का नाही वो?" ती ओरडली. "उद्या वेचनीले जा लागते ना!"